डुकरांचा ज्वर आणि ‘ई-२’ प्रथिन

संपादक महोदय,

डुकरांच्या साथीच्या बातम्यांत ‘क्लासिकल स्वाइन फीवर’ आणि ‘आफ्रिकन स्वाइन फीवर’ ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, म्हणून हे पत्र. लक्षणे मिळतीजुळती असली तरी या रोगांचे विषाणू सर्वस्वी वेगळे आहेत. पहिल्यावर परिणामकारक लस कित्येक दशके उपलब्ध आहे. ती दुसऱ्यावर मुळीच चालत नाही.

पहिल्या विषाणूच्या आवरणावर ई-आरएनएस, ई-१ आणि ई-२ अशी तीन प्रथिने असतात. त्यांपैकी ई-२ विषाणूला पेशीत शिरण्यास मदत करते, आणि विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे डुकराचे शरीर प्रामुख्याने त्याच्याचविरुद्ध तयार करते. त्यामुळेच संपूर्ण विषाणू न वापरता, कीटकांच्या पेशींत केवळ ई-२ तयार करून लस बनवता आली. अशी लस टोचलेल्या डुकराच्या रक्तात ई-आरएनएसविरुद्धची प्रतिपिंडे नसतात, प्रत्यक्ष लागण झालेल्याच्या रक्तात मात्र ती आढळतात. म्हणजे तपासणीने दोघांतला फरक कळू शकतो. क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची जुनी ‘सी-स्ट्रेन’ लस संरक्षण लवकर आणि भक्कम देते, पण तिच्या बाबतीत हा फरक करता येत नाही. केवळ या अडचणीपोटी निरोगी जनावरे मारण्याची वेळ यावी, हे मला फार क्लेशदायक वाटते.

आपल्या वार्ताहरांनी रोगाचे नाव प्रत्येक वेळी पूर्ण आणि अचूक छापावे, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक