दीडपाव

वालेन्सिया, स्पेन,
गुरुवार, रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "जेवली का" एवढं विचारतात आणि फोन तुझ्या हाती देतात, आई. तू भाजी कोणती होती ते विचारतेस, तेवढ्यात रेंज जाते. म्हणून हे पत्र. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू असेल, घाईत वाचू नका. रात्रीच्या लाइनीसाठी मोटारीपाशी जागत बसता, तेव्हा वाचा.

स्पॅनिशच्या वर्गात माझं बरं चाललंय. एक गोष्ट तर मला फुकटातच मिळाली. 'मला संत्री आवडतात' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लास मान्दारिनास' म्हणतात. ठेवण अगदी आपलीच: आवडणारी ती संत्री, आणि क्रियापद त्यांच्याप्रमाणं बदलणार. वर्गातल्या इंग्लंडच्या पोराला हे महिनाभर उमजलं नाही. मला वाटलं, आपण जिंकलोच.

मग बाजारात गेले. इथला मेर्कादो सेन्त्राल 1928 साली सुरू झालेला, उंच घुमटाचा. फळवालीपुढं मी 20 मिनिटं नुसती उभी. रांग कुठं दिसेना. बाया यायच्या, "ला उल्तिमा?" असं काहीतरी मोठ्यानं म्हणायच्या, कुणीतरी हात वर करायचं आणि त्या खुशाल दुसरीकडं बघत बसायच्या. शेवटची कोण ते विचारायचं, तिच्यानंतर आपला नंबर, की झाली रांग. हे पुस्तकात नव्हतं. माझ्यामागून आलेल्या पाच-सहा जणी पिशव्या भरून गेल्या.

शेवटी नंबर लागला तर मी ऐटीत 'नारान्खास' मागितली. आपलं संस्कृतातलं नारंगच ते, इराण आणि अरबस्तान फिरून इथं पोचलेलं. तिनं मोसंबीसारखी घट्ट सालीची फळं दिली. आपल्या संत्र्याच्या जातीला इथं मान्दारिना म्हणतात. बरं, वर्गात ते वाक्य मी रोज घोकत होते, पण ऐन वेळी कुठं आठवतं! संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली पोरगी संत्री मागू शकली नाही, हे गावात कोणाला सांगू नका.

चीजवाल्यानं "के ते पोंगो?" म्हणजे काय देऊ, असं विचारलं. माझ्यापुढची आजी म्हणाली, "क्वार्तो इ मिताद." मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन उकललं: पाव किलो आणि वर त्याचं अर्धं, 375 ग्रॅम. म्हणजे आपल्या आजीचं दीडपावच की! त्या दिवसापासून मी काहीही दीडपाव घेते, नको असलं तरी.

बाबा, आता जे लिहिते ते फोनवर बोलता आलं नसतं. मी आठवीत असताना बाहेरचे व्यापारी बगीचा पाहायला यायचे आणि तुम्ही त्यांच्याशी हिंदी बोलायचे. "मेरे को ये भाव नहीं परवडता, नहीं तो झाड पे राहू द्या." व्यापारी हसायचा, तुम्हीही हसायचे. मी घरात जाऊन बसायची. एकदा तर मैत्रिणीसमोर मी तुमचं वाक्य दुरुस्त केलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पाणी मागितलं. पण सौदा तुमच्याच भावात झाला होता, हे मला आता आठवतं. पहिले दोन महिने मी वाक्य मनात पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडत नव्हते, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून जायचा. आता तुमच्यासारखं बोलते. शब्द अडला की मराठी घालते, हात हलवते.

आज दुपारी त्याचाच उपयोग झाला. इथं दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. तुरिया नदीच्या आठ पाटांचे आठ शेतकरी, बागायतदारांनीच निवडून दिलेले, काळे डगले घालून गोल बसतात. वकील नाही, तोंडी बोलायचं, तिथंच निकाल, वर अपील नाही. हजारेक वर्षांची रीत मानतात. 2009 साली युनेस्कोनं तिला वारशाच्या यादीत घेतलं. मी कान देऊन ऐकलं आणि एक शब्द कळला नाही. रडू यायचंच बाकी होतं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "पोरी, हे स्पॅनिश नाही, वालेन्सियानो आहे!" आज तक्रारही नव्हती, पाचेक मिनिटांत सगळे उठले.

आजोबांचीही शेती आहे. मी तुमच्या धुऱ्याच्या भांडणाचं सांगायला लागले, तर धुऱ्याला शब्दच सापडेना. चर्चच्या दगडी पायरीवर बोटानं रेघ ओढली, इकडं बाबा, तिकडं शेजारी. "ला लिन्दे!" आजोबा ओरडलेच. मग त्यांच्या लिन्देची गोष्ट अर्धा तास चालली. निम्मी कळली. भाऊच होता समोरचा, एवढं नक्की कळलं.

त्यांचा तुम्हाला निरोप आहे: धुऱ्यावर झाड लावू नका, दगड रोवा. झाड सरकतं म्हणे.

तुमची लेक

ता. क. आई, तू वावरात निंदून निंदून थकतेस तो लव्हाळा. त्याच्याच भावकीतल्या एका गवताच्या गाठी दळून इथं 'ओर्चाता' नावाचं दुधासारखं गोड पेय करतात. मुद्दाम पेरतात ग ते! बाबांना सांगू नकोस.