एमएसची बातमी छापताना ‘कुठला एमएस’ तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘आता साध्या ब्लड टेस्टने एमएस कळणार’ टाइपच्या बातम्या हल्ली सारख्या दिसतात आणि दर वेळी आमच्या घरी फोन सुरू होतात म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. तिचा प्रकार रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे अटॅक येतो, मग ओसरतो, सुरुवातीला जवळपास 85 टक्के पेशंटना हाच प्रकार असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना प्रायमरी प्रोग्रेसिव्ह आहे, त्यांना अटॅक असा कधी आलाच नाही, पाय हळूहळू जड होत गेले. नाव एकच, पण रक्तात दोघांचं सारखंच दिसेल असं कसं धरायचं?

अशा काही बातम्यांत रक्तातलं एखादं एन्झाईम मोजून एमएस ओळखायची गोष्ट असते, त्यातलं एक म्हणजे एमएमपी-9. ते मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवतीचा थर कातरतं, मग पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर तुटून पडतात. म्हणून अटॅकच्या दिवसांत, एमआरआयमध्ये डाय दिल्यावर डाग चमकतात तेव्हा, रक्तात ते वाढलेलं सापडतं. काकांच्या प्रकारात सूज बरीचशी मेंदूच्या आतच धुमसत राहते, रक्तात तिचा माग नीट लागत नाही. शिवाय हेच एन्झाईम इन्फेक्शनने वाढतं, सिगारेटने वाढतं, आणि रक्त गोठताना पेशीच ते सोडतात त्यामुळे सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) आकडा जास्त येतो नि प्लाझ्मात (रक्त गोठू न देता काढलेलं पाणी) कमी! शंभर पेशंटची सरासरी वेगळी निघाली म्हणून माझ्या बहिणीच्या एका रिपोर्टवरून काही ठरत नाही.

मागे तिचं एसजीपीटी वाढलं तर आई रात्रभर झोपली नाही, तिला वाटलं एमएस परत उसळला, पण ते लिव्हरचं एन्झाईम, गोळीमुळे वाढलेलं, आणि ती टेस्ट त्यासाठीच करतात हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

एवढीच विनंती, अशी बातमी देताना कुठल्या प्रकारच्या किती पेशंटवर अभ्यास झाला, अटॅक चालू असताना की नसताना रक्त घेतलं, हे दोन ओळीत द्या. आणि एमएसचं निदान आजही न्यूरॉलॉजिस्टची तपासणी, एमआरआय आणि लागलं तर पाठीतलं पाणी यावरच होतं हेही. हेडिंग वाचून लोक थेट लॅबमध्ये जातात हो.

कळावे,
एक वाचक, पुणे