फरशीवर टेकवलेला दिवा

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. म्हणालीस, "आई, रविवारचा देव रविवारीच राहतो गं. सोमवारपासून तो कुठे असतो, मला सापडतच नाही." मी तेव्हा गप्प बसले. काही बोलले असते तर तो उपदेश झाला असता, आणि दिवसभराच्या कामानंतर उपदेश कुणालाच नको असतो. म्हणून लिहायला बसले आहे. पत्र कसं, मध्येच बाजूला ठेवता येतं आणि वाटलं तर पुन्हा उचलता येतं.

गेल्या आठवड्यात बाबांच्या चष्म्याचा स्क्रू पडला. केवढासा असतो तो! मी खोलीतला मोठा दिवा लावला, गुडघ्यांवर बसले, तळहाताने सगळीकडे चाचपून पाहिलं. वीस मिनिटं गेली. मग बाबा म्हणाले, "वरचा दिवा बंद कर बघू." त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि फोन फरशीवर आडवा ठेवला, अगदी टेकवून. बाळा, सगळी फरशीच बदलून गेली. धुळीच्या कणाकणाला लांब सावली फुटली. एक केस, एक खडा, पेन्सिलीचं तुटलेलं टोक, सगळं उठून दिसायला लागलं. कपाटाच्या पायाशी एक काळी रेघ दिसली, आणि त्या रेघेच्या मुळाशी तो स्क्रू.

मी तिथेच बसून राहिले. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला 15 वा अध्याय तुला तोंडपाठ आहे. एका बाईकडे दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. दिवसाच्या मजुरीएवढ्या मोलाचं नाणं. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत मन लावून शोधते. हा दाखला मी शेकडो वेळा ऐकला असेल, शब्बाथ शाळेत शिकवलाही आहे. पण दिवा खाली आला की आधी हरवलेली वस्तू दिसत नाही, आधी धूळ दिसते, हे मला कधी सुचलं नव्हतं. सकाळीच झाडलेली फरशी होती ती. वरच्या उजेडात लख्ख दिसत होती.

आणि दुसरं असं, की छताजवळचा दिवा काही कमी उजेडाचा नव्हता. उलट टॉर्चपेक्षा कितीतरी जास्तच होता. पण स्क्रू सापडला तो उजेड खाली आला तेव्हा. 'शब्द देही झाला', म्हणजे देव माणूस होऊन आला, हे योहानाचं वचन मी लहानपणापासून म्हणत आले. देव उंचावरून सगळं पाहतोच की, मग त्याला खाली यायची काय गरज, असा प्रश्न तू दहाबारा वर्षांची असताना मला विचारला होतास. मी तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं. आज विचारलंस तर मी वरचा दिवा बंद करून टॉर्च फरशीवर ठेवेन आणि तुला शेजारी बसवेन.

लूकच्या त्याच अध्यायात तीन गोष्टी हरवतात, ते एकदा नीट बघ. मेंढरू रानात भरकटतं. मुलगा आपल्या पायांनी दूर देशी जातो. नाणं मात्र घरातच हरवतं. आपण हरवलो आहोत हेही त्याला कळत नाही. मेंढरासारखं ते ओरडू शकत नाही, मुलासारखं परतू शकत नाही. त्याचं सापडणं सगळंच्या सगळं शोधणारीच्या हातात. तू म्हणतेस, देव मला सापडत नाही. बाळा, त्या दाखल्यात शोधतंय कोण?

आपण 'दाखला' म्हणतो, त्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'पाराबोले'. त्याचा अर्थ एका गोष्टीच्या शेजारी दुसरी ठेवणं. प्रभू येशूने दुसरं काय केलं? स्वर्गाच्या राज्याशेजारी खमीर ठेवलं, मोहरीचा दाणा ठेवला, जाळं ठेवलं, प्रार्थनेशेजारी मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र ठेवला. त्याच्या दाखल्यांत मंदिर फार थोडं येतं. घर येतं, शेत येतं, बाजार येतो, मजुरी येते. नासरेथात सुताराच्या घरात तो वाढला, आणि शिकवायला निघाला तो साधारण तिसाव्या वर्षी. तोवरची बहुतेक सगळी वर्षं काम, घर आणि शेजार यांतच गेली. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. पण मला वाटतं, ती वर्षं दाखल्यांमध्ये उतरली आहेत. पीठ मळणारी बाई त्याने कुणाच्या तरी घरात पाहिलीच असणार. कुणाच्या, ते तूच ओळख.

आता एक गोष्ट सांगते, जी आजवर तुला सांगितली नव्हती.

रोजच्या घटनेतून बोध घ्यायची मला सवय लागली, तेव्हा मी तिचा गैरवापरही केला. तू लहान होतीस. माझ्या एका मैत्रिणीचं मूल जन्मल्यावर चौथ्या दिवशी गेलं. मी भेटायला गेले आणि तिच्यासमोर बसून म्हणाले, देव यातून तुला काहीतरी शिकवतोय. वर बागेतल्या छाटणीचं उदाहरण दिलं. ती काही बोलली नाही. चादरीची कड बोटांत धरून तिची घडी घालत राहिली, उलगडून पुन्हा घालत राहिली. ते बोट मला अजून दिसतं. कितीतरी वर्षांनी मी तिची क्षमा मागितली. तिने केली, पण मी बोललेलं तेवढ्याने पुसलं गेलं नाही.

मुलंबाळं, धन, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठव. ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते तोंड उघडून त्याच्या दुःखाचा अर्थ सांगायला लागल्यावर. यरुशलेमातल्या शिलोह इथला बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूने लोकांना विचारलं की ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच 'नाही' म्हटलं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तिथेही उत्तर 'नाही'च. म्हणून तुला कळकळीने सांगते, घटनेतून शिकायचं ते स्वतःपुरतं. दुसऱ्याच्या जखमेवर आपण धडा लिहायचा नाही. कुसळ आणि मुसळ हेही शेवटी एका सुताराच्या हाताखालचेच शब्द आहेत.

तुला वाटतं की प्रार्थनेला बसलं की डोक्यात कामाची यादी सुरू होते आणि सगळं फुकट जातं. ब्रदर लॉरेन्सची गोष्ट तुला सांगितली होती का? सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात होता तो. आधी सैनिक, पायाने अधू झालेला. मठात त्याला स्वयंपाकघरात काम दिलं, आणि त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा होता. पुढे त्याच स्वयंपाकघराच्या गडबडीत, चार माणसं चार गोष्टी मागत असताना, आपण गुडघ्यांवर असताना असतो तितकेच देवाजवळ असतो, असं तो सांगायचा. लोक त्याचं हे बोलणं सांगतात आणि थांबतात. पण त्याने हेही लिहून ठेवलंय की पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. दहा वर्षं, बाळा! तुला नोकरीला लागून किती महिने झाले?

शाळेत असताना तू ओल्या कापसात घेवड्याचं बी ठेवलं होतंस, आठवतंय? रोज सकाळी ते उचलून पाहायचीस, मूळ आलं का म्हणून. चौथ्या दिवशी इवलंसं मूळ आलं आणि तुझ्याच बोटाने तुटलं. किती रडली होतीस. मार्कच्या 4 थ्या अध्यायात एक दाखला आहे, तो बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत नाही. माणूस बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. त्यातला 'निजतो' हा शब्द मला फार आवडतो. त्यापलीकडे यावर मी काही लिहीत नाही.

आजोबांबद्दल मात्र लिहायचंच आहे.

तुला माहीतच आहे, पाऊण वर्षापासून त्यांना खाली वाकता येत नाही. पायांची नखं वाढली होती, ते लपवायला घरातही मोजे घालायचे. एके दिवशी मी सरळ टबमध्ये कोमट पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "तू नाही," म्हणाले. "कुणी दुसरं बोलव. लेकीने बापाच्या पायाला हात लावून नखं कापायची, हे मला चालणार नाही." आवाज चढला होता. आयुष्यभर ज्यांनी कुणाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नाही, ते माझे वडील. मी काही बोलले नाही, टॉवेल मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. पाणी गार झालं. मी उठून पुन्हा कोमट करून आणलं. तेव्हा त्यांनी एक पाय पुढे केला.

नखं दगडासारखी झालेली असतात या वयात. पाण्यात चांगली मुरावी लागतात, आणि मग एका दमात कापायची नाहीत, कडेकडेने थोडी थोडी घ्यायची. टाचांना भेगा. घोट्यावर जुन्या सायकलवरून पडल्याची खूण, मी लहानपणी तिच्यावरून बोट फिरवायची ती. मी बोटांच्या बेचक्या पुसत होते आणि ते खिडकीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

त्या रात्री मी योहानाचा 13 वा अध्याय काढला. शेवटच्या भोजनाची हकिगत बाकीचे तिघे भाकर आणि प्याला यांच्यासह सांगतात. योहान ते सांगत नाही, त्या जागी तो टॉवेल आणि पाण्याचं भांडं ठेवतो. मी इतकी वर्षं तो अध्याय 'आपणही एकमेकांचे पाय धुवावेत' एवढ्यासाठीच वाचत होते. सेवा करणाऱ्याच्या बाजूने. त्या रात्री पहिल्यांदा पेत्राच्या, त्या शिष्याच्या बाजूने वाचला. 'माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत,' म्हणणारा पेत्र. त्यात प्रेम होतं, आदर होता, आणि खाली कुठेतरी अभिमानही होता. येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे आधी काही करायचं नाहीच. आधी पाय पुढे करायचा.

आणि लगेच महिन्याभरात माझं मनगट मोडलं. सहा आठवडे उजवा हात प्लास्टरमध्ये. बाबा माझे केस विंचरायचे. त्यांना वेणी घालता येत नाही, ते नुसते मागे घेऊन रबर लावायचे, तेही सैल. मला इतकी चीड यायची! त्यांच्या हातांची नव्हे, मला ते करवून घ्यावं लागत होतं याची. आजोबांना पाय पुढे करायला मी लावलं, पण माझी मान काही वाकत नव्हती. एका सकाळी आजोबा समोरच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कळलं का?" एवढंच. आम्ही दोघंही हसलो आणि बाबा कंगवा हातात धरून आमच्याकडे बघत राहिले.

तू आमची एकुलती एक. हुशार आहेस, सगळं स्वतःचं स्वतः करतेस, त्याचा मला अभिमान आहे. पण तापाने फणफणलेली असतानाही शेजारणीला दार उघडलं नाहीस, हे तू मला चार दिवसांनी सांगितलंस. तिने आणलेलं खाणं दाराबाहेरच राहिलं. त्या बंद दाराबद्दल मी बरेच दिवस विचार करते आहे. आणि हो, दुसऱ्याच्या दुखण्यावर धडा लिहू नये हे मी वरच लिहिलं आहे, तेव्हा इथे थांबते. ती भेटली तर माझा सलाम सांग.

सकाळी प्रार्थनेला वेळ मिळाला नाही तर स्वतःला दोष देत बसू नकोस. संध्याकाळी परतताना, दिवसभरात डोळ्यांसमोर राहिलेली एकच गोष्ट आठवायची आणि प्रभूपुढे ठेवायची. एखाद्याचा चेहरा, एखादा तुटलेला कप, काहीही. अर्थ लावायची घाई करू नकोस, नुसती शेजारी ठेव. पुढच्या पत्रात मला त्यातली एखादी लिहून पाठवलीस तर आवडेल. नाही लिहिलीस तरी चालेल.

आज आजोबांच्या नखांचा दिवस आहे. पाणी तापत ठेवलंय आणि ते मोजे काढून कधीचे बसले आहेत.

तुझी,
आई