वर्गातला तास कशासाठी? नव्यानेच प्राध्यापक झालेल्या लेकीला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, महामारी संपली, मुलं वर्गात परत आली. मग अध्यापनाचा पुनर्विचार म्हणून हे अजून किती दिवस चालणार?" विभागाने तुला प्रशिक्षणाच्या कार्यशाळेला बसवलंय आणि तिथे दिवसभर सॉफ्टवेअरची बटणं कुठे आहेत तेच दाखवतात, म्हणून तू वैतागली होतीस. तुझा वैताग रास्त आहे. पण आपल्याला विषय येतो, बोलता येतं, तेवढं पुरे, हा जो निष्कर्ष तू त्यातून काढलास तो मला पटला नाही. फोनवर घाईत काही सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

2020 च्या मार्चपासून आम्ही जे केलं त्याला सगळे 'ऑनलाइन शिक्षण' म्हणतात. ते तसं नव्हतं. चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच महिन्यात एक लेख लिहून हा फरक स्पष्ट केला होता. पूर्णपणे ऑनलाइन चालणारा विद्यापीठाचा अभ्यासक्रम नीट उभा करायला सहसा 6 ते 9 महिने लागतात, आणि आम्ही करत होतो ती आणीबाणीतली सोय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या काळातल्या हालांवरून ऑनलाइन अध्यापनाबद्दल मत बनवू नकोस. मी ज्याला पुनर्विचार म्हणते त्याचा स्क्रीनशी फारसा संबंधच नाही.

त्या वर्षात माझी व्याख्यानं रेकॉर्ड झाली. मुलांना ती हवी तेव्हा थांबवता येत होती, मागे नेता येत होती, एखादं सूत्र पुन्हा पुन्हा ऐकता येत होतं. म्हणजे मी फळ्यापाशी उभी राहून जे सांगत आले, ते माझ्याशिवाय मुलांपर्यंत पोचत होतं. मग पुढे वर्ग उघडल्यावर सगळ्यांनी एका वेळी एका खोलीत जमायचं ते कशासाठी? हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही. माझी खात्री आहे की महामारीनंतर विद्यापीठांनी विचार करायचा तो याच प्रश्नाचा.

प्रश्न नवा नाही, हेही तुला सांगायला हवं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांना 1990 च्या सुमारास असं दिसलं की त्यांची मुलं सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवतात, पण बल आणि गतीबद्दलच्या साध्या प्रश्नांवर अडखळतात. व्याख्यानं उत्तम होत होती, मुलं खूश होती, आणि तरी मूळ कल्पना रुजत नव्हती. तेव्हापासून ते वर्गात एक प्रश्न टाकतात, प्रत्येकाला आपलं उत्तर ठरवायला लावतात, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगतात आणि पुन्हा उत्तर विचारतात. पुढे 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतले 225 अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के होतं. मुलांना वर्गातच काही करायला लावणाऱ्या पद्धतीत ते 21.8 टक्के होतं. दर शंभरातली ही बाराएक मुलं, मनू. त्यांच्या अपयशाला आपण 'अभ्यास केला नाही' असं म्हणून मोकळे होतो.

माझ्याच विषयातलं, संख्याशास्त्रातलं सांगते. मानक विचलन (मोजलेल्या आकड्यांचा विखुरलेपणा) आणि मानक त्रुटी (नमुन्यावरून काढलेल्या सरासरीतली अनिश्चितता) यांतला फरक मी वर्षानुवर्षं छान समजावून सांगत आले. आता आधी प्रश्न टाकते: नमुन्याचा आकार चौपट केला तर दोन्हींपैकी काय कमी होईल? मुलं उत्तर लिहितात. निम्म्याहून अधिक जण दोन्ही कमी होणार म्हणतात. मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं. खोलीत जो कलकलाट होतो तो ऐकत मी बाकांमधून फिरते. 'अगं, माणसांची उंची जास्त माणसं मोजली म्हणून सारखी होईल का?' असं एखादी म्हणते, आणि तिथे गाठ सुटते. विचलन जवळपास तेवढंच राहतं, सरासरीबद्दलची अनिश्चितता निम्मी होते. हे वाक्य मी सांगितलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं. हा वाद रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात होऊ शकत नाही. खोलीत जमायचं ते यासाठी.

आता ज्याने तुला पहिल्याच सत्रात त्रास होईल त्याबद्दल. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातली मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला अनुभवी शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तोच मजकूर, पण गटांत बसून स्वतः झगडायचं. चाचणीत झगडणारा गट पुढे गेला. मात्र आपण किती शिकलो असं वाटतं, हे विचारल्यावर त्याच गटाने कमी सांगितलं. ओघवतं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः करताना अडायला होतं आणि ते अडणं म्हणजे न शिकणं असं मुलांना वाटतं. म्हणून तू बदल करशील तेव्हा मुलं कुरकुरतील, 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असंही म्हणतील. त्याने खचू नकोस. त्या संशोधकांनी सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांचा विरोध बराच मावळला. तूही पहिल्याच आठवड्यात सांगून टाक, आकड्यांसकट.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट मी तुझी आई म्हणून सांगते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर तुझी बढती अवलंबून असेल, तर त्या आकड्यांकडे थोडं लांबून बघायला शीक. 2015 साली लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन साहाय्यक शिक्षक घेतले. दोघांनी एकेका गटाला खरी ओळख सांगितली आणि दुसऱ्या गटासमोर एकमेकांच्या नावाने शिकवलं. गुण दोघांनी एकाच वेळी परत दिले होते, तरी तत्परतेबद्दल पुरुषाच्या नावाला 5 पैकी 4.35 मिळाले आणि स्त्रीच्या नावाला 3.55. गट लहान होते, त्यामुळे सगळा भार या एका प्रयोगावर टाकू नये, पण मला तो विसरता येत नाही. मुलांचं म्हणणं जरूर ऐक. सत्राच्या मध्यावरच विचार की काय कळलं नाही, काय अडतंय. असं विचारल्यावर सुधारायला वेळ उरतो. शेवटचा आकडा मात्र तुझ्या शिकवण्याचं मोजमाप आहे असं समजू नकोस.

परीक्षांबद्दल थोडक्यात. महामारीत कॅमेरे लावून मुलांवर पाळत ठेवायचा खटाटोप झाला, नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरी लिहून आणलेल्या निबंधावरून काही कळेनासं झालं. माझं मत असं की वर्गातच, वरचेवर, थोड्या गुणांच्या छोट्या चाचण्या घ्याव्यात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं होतं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून लिहिला तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. म्हणजे चाचणी हीच शिकण्याची वेळ. पेपर तपासायचा बोजा वाढतो हे खरं आहे, म्हणून प्रत्येक चाचणीला गुण द्यायची गरज नाही.

आता तुझ्या कार्यशाळेकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

शिकवणं हे आपल्या व्यवसायातलं सगळ्यात एकटं काम आहे. संशोधनाचा लेख आपण सहकाऱ्यांना वाचायला देतो, परिसंवादात मांडतो, टीका झेलतो. वर्गाचं दार मात्र लावून घेतो, आणि आत काय होतं ते शेजारच्या वर्गातल्या माणसालाही ठाऊक नसतं. शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी 1993 मध्ये हेच लिहिलं होतं, की प्राध्यापकाला खरं एकटेपण जाणवतं ते अध्यापनात. महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत हे दार उघडलं. तू तेव्हा शेजारच्या खोलीत कॅमेरा बंद करून तुझ्या वर्गात बसलेली असायचीस आणि इकडे आमच्या विभागाच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत निरोप चालायचे. कुणाची मुलं बोलतच नाहीत, कुणी चॅटमधून प्रश्न मागवले तर वर्गात कधीच तोंड न उघडणारी मुलं लिहायला लागली, कुणाच्या व्हिडिओची लांबी कमी केल्यावर मुलं तो शेवटपर्यंत बघायला लागली. इतकी वर्षं एकाच मजल्यावर काम करून आम्ही एकमेकांना शिकवण्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं, कारण तेव्हा सगळेच नवशिके होते आणि विचारण्यात कमीपणा नव्हता. वर्ग पुन्हा भरले आणि ते बोलणं थांबलं. महामारीनंतर आपण जे गमावलं त्यातलं हे मला फार मोठं वाटतं, आणि त्याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

त्या बोलण्याच्या जागी आल्या त्या तुला बसवलं तशा कार्यशाळा. बाहेरचा कुणी येतो, सगळ्या विषयांच्या माणसांना एकत्र बसवून एकच स्लाइड दाखवतो आणि प्रमाणपत्र देतो. चार्ल्स हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली अध्यापनातल्या बदलांवरचे 191 लेख तपासले. 'उत्तम पद्धती' तयार करून त्या वाटणं आणि वरून धोरण लादणं, हे दोन सर्वांत रुळलेले मार्ग सहसा लागू पडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

लागू पडतं ते कसं दिसतं याचं एक उदाहरण आहे. कार्ल वीमन यांना 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर त्यांनी आपलं लक्ष विज्ञान-अध्यापनाकडे वळवलं. कोलोरॅडो आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी पैसा आणि जबाबदारी थेट विभागांकडे दिली. प्रत्येक विभागात त्याच विषयातले, पण अध्यापनाच्या संशोधनात तयार झालेले तरुण फेलो नेमले. ते एका प्राध्यापकाबरोबर एकाच अभ्यासक्रमावर बराच काळ काम करायचे: सत्राच्या शेवटी मुलांना नेमकं काय करता यायला हवं, ते येतंय हे कसं कळेल, आणि कुठला तास त्यासाठी बदलायचा. विषय आपला, मुलं आपली, आणि सोबत विषय कळणारा माणूस. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे.

याला वेळ लागतो, आणि वेळ फुकट मिळत नाही. कंत्राटावर दिवसभर तास घेणाऱ्या तुझ्या सहकाऱ्यांना प्रशिक्षण रविवारी उरकायला सांगणं हा अन्याय आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्येच अध्यापन हीसुद्धा विद्वत्ताच मानावी असा आग्रह धरला होता, तरी बढतीच्या वेळी अजून शोधनिबंधच मोजले जातात. तू आज हे बदलू शकणार नाहीस. पण उद्या समितीवर बसशील तेव्हा हे बोलायचं आहे, हे आत्तापासून डोक्यात असू दे.

आत्ता एवढंच कर. सगळा अभ्यासक्रम बदलायला घेऊ नकोस. ज्या प्रकरणात मुलं दरवर्षी अडकतात असं विभागातले जुने लोक सांगतात, ते एक निवड. त्यातला जो भाग नुसता सांगायचा आहे त्याचे पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ कर. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची पाहणी 2014 साली झाली होती, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं सहसा सहा मिनिटांहून जास्त बघत नाहीत असं दिसलं होतं. त्यामुळे मोकळा झालेला तास प्रश्नांसाठी ठेव. आणि शेजारच्या वर्गातल्या एखाद्या सहकाऱ्याला विचार, माझ्या तासाला येऊन मागे बसशील का, मी तुझ्या तासाला येते. गुणांकन नाही, वरिष्ठांना अहवाल नाही. नंतर अर्धा तास फक्त एवढंच बोलायचं की मुलं कुठे विचार करत होती आणि कुठे नुसती लिहून घेत होती. पहिल्यांदा संकोच वाटेल. तरी विचार.

प्रश्न तयार झाले की मलाही पाठव, मला वाचायला आवडतील. पण आधी त्या सहकाऱ्याला दाखव. तुझी मुलं त्याला माहीत आहेत, मला नाहीत.

तुझी,
आई