शाळा ओस पडल्या त्याचं खापर आमच्या शिक्षणावर फोडू नका

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पट कमी म्हणून आमच्या वाडीच्या शाळेला गेल्या आठवड्यात कुलूप लागलं. ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ हा निवडणुकीतला शब्द तुमचाच. त्याची आठवण करून द्यायला आलो, तर भर सभेत म्हणालात, “बायका शिकल्या, एकावर थांबल्या, पट कुठून येणार?”

मी बी.ए. आहे. मला एकच मुलगी. का, ते ऐका. कळा सुरू झाल्या तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात भूल द्यायला डॉक्टर नव्हते. रुग्णवाहिका आलीच नाही. भर पावसात, शेजाऱ्यांच्या रिक्षातून, खड्ड्यांतून जिल्ह्याला नेलं. रक्ताने सीट भिजली होती आणि सासूबाई माझा हात धरून गणपतीला नवस बोलत होत्या. पुन्हा नाही, हे मी तिथेच ठरवलं. सासूबाईंची सहा बाळंतपणं झाली, त्यातली दोन मुलं हाती लागली नाहीत. त्यांना कधी कुणी विचारलंच नाही.

शिकलेल्या बाईला मुलं कमी होतात, हे खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेत न गेलेलीला सरासरी २.८, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. लग्न उशिरा होतं, पाळणा लांबवता येतो. यात गुन्हा कसला? मुरूडच्या महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्यांच्या मुलाने, र. धों.नी, १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र. त्याच कोकणात आज आम्ही बोलणी खायची?

वाड्या ओस पडल्या त्या माणसं पोटासाठी गेली म्हणून. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातली सुमारे ऐंशी हजार माणसं कमी झाली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. महामार्ग वर्षानुवर्षं अर्धवट. सरकारं बदलली, पण हाताला काम कुणी दिलं नाही, आणि जाब मात्र बायकांच्या कुशीला विचारता!

मुलींना उच्च शिक्षण मोफत, असे फलक नाक्यानाक्यावर आहेत. शेजारची पोर दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. सकाळची एसटी बंद, म्हणून घरी बसली आहे. आता तिच्यासाठी स्थळं बघतायत.

ती एसटी या महिन्यात सुरू करा. दवाखान्यात भूलतज्ज्ञ नेमा. शाळेचं कुलूप काढा. आणि सभेतलं ते वाक्य पुढच्या सभेत, त्याच माइकवरून मागे घ्या.

एका मुलीची आई,
जि. रत्नागिरी