थोपटताना थांबलेला हात

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर छातीचं विचारलं की बाबा "गॅस आहे गं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. दोघं मिळून वाचा.

आधी माझं सांगते. श्रावणापासून मला रात्री डोळा लागता लागता छातीत ठोका चुकल्यासारखं व्हायचं. धडधड नव्हे. सगळं शांत चाललेलं असताना एक ठोका गायब, मग आतून धाडकन एक, आणि मी उठून बसलेली. गणपतीत घरी आले तेव्हाही हेच चालू होतं. तुमच्या शेजारच्या खोलीत पाच रात्री जागी होते आणि सकाळी मोदक वळायला हसत बसले. आईचं बीपी वाढेल म्हणून बोलले नाही. लपवायला नको होतं. मला माफ करा.

आता काळजी करू नका. ईसीजी झाला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, थायरॉइड आणि रक्त तपासलं, चोवीस तासांचा होल्टरही लावला. होल्टर म्हणजे छातीला वायरी चिकटवतात आणि छोटं यंत्र कमरेला अडकवतात. दिवसाला हृदयाचे साधारण लाखभर ठोके पडतात, त्यातले माझे काहीशे वेळेआधी पडलेले निघाले. हृदय ठणठणीत आहे, गोळीसुद्धा दिलेली नाही. डॉक्टर म्हणाले, एक ठोका घाईने पडला की पुढे जरा जास्त थांबा येतो, तेवढ्यात हृदयात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. झोपताना हृदयाची गती मंदावते, घरात आवाज नसतो, त्यात डाव्या कुशीवर असलं की तो ठोका बरगडीला टेकल्यासारखा जाणवतो.

बाबा, हे ऐकताना मला तुमचा हात आठवला. मला थोपटता थोपटता तुम्हीच पेंगायचात. हात थांबायचा, मग तुम्ही दचकायचात आणि एक थाप जोरात बसायची. मी मुळीच घाबरायचे नाही, उलट हात थांबला की त्या थापेची वाट बघायचे. आता रात्री तसं झालं की मी उजव्या कुशीवर वळते, श्वास हळूहळू सोडते आणि तोच हात आहे असं मनाशी म्हणते. बहुतेक वेळा झोप लागते.

रात्रपाळी मात्र मी सोडली. या 1 तारखेपासून दिवसाची ड्यूटी आहे. भत्ता जाईल, पण घराचा हप्ता बसतोय, आम्ही दोघांनी दोनदा हिशोब केला. जागरणाने आणि रात्रीच्या चार-चार कॉफ्यांनी हे वाढत होतं, ते मला दिसत होतं. दादाला ही घाई वाटेल, त्याला मी समजावीन.

आता तुमचं. रविवारी आई सहज बोलून गेली, की बाबा हल्ली रात्री दोनला उठून झोपाळ्यावर बसतात, छातीवर हात ठेवून. तेव्हापासून माझं लक्ष कशात नाही. माझ्यासारखंच किरकोळ असेल, बहुधा असेलच. पण तुमच्या वयाला, त्यात बीपी असताना, कधीकधी हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात आणि नाडीला ताल म्हणून उरत नाही. तसं असेल तर आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. वेळेत कळलं तर रक्त पातळ करायच्या गोळीने तो धोका पुष्कळ कमी होतो. अण्णांची नाडी त्या पहाटेच्या आधी कुणी पाहिली असती तर... तो विषय इथेच सोडते.

पुढच्या गुरुवारची पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. विचारायला हवं होतं, पण "कापणी होऊ दे" हेच ऐकलं असतं. बुधवारी दुपारी गाडी घेऊन येते, कुंभार्ली घाट उजेडात चढू. चार रात्रींचाच प्रश्न आहे. तुमची खोली पूर्वेची, संडास लगतच, पलंग खाली उतरवून घेतलाय. उकडे तांदूळ आणलेत, सकाळी पेज मिळेल. चाफ्याला पाणी शेजारच्या काकू घालतील, माझं बोलणं झालंय.

तोवर आई, बाबा रात्री उठले की त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेव आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोज. आकडा लिही, आणि ठोके टाळ धरल्यासारखे एका लयीत आहेत की कसेही पडताहेत, तेही लिही. घोरताना मध्येच श्वास थांबतो का, तेही बघ. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही, काहींनी धडधड वाढते. आठच्या आत जेवण, पाचनंतर चहा बंद. अर्जुनाचं चूर्ण वगैरे कुणी सुचवलं तरी गुरुवारपर्यंत नको. छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड वाकडं वाटलं किंवा हात उचलेना, तर आधी 108 ला फोन, मग मला. गॅस म्हणून सोडा पीत बसू नका.

रागावू नका बाबा. हवं तर गाडीत बसल्यावर रागवा.

होल्टर लागला की अंघोळ करता येत नाही, तेव्हा गुरुवारी सकाळी निघण्याआधीच डोक्यावरून करून घ्या. पाणी मी तापवून ठेवीन.

तुमची,
चिमी