मागच्या आसनावरचा माणूस

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील युरी गागारिन यांच्यावरील लेख आवडीने वाचला. १२ एप्रिल १९६१ रोजीच्या १०८ मिनिटांच्या अंतराळ उड्डाणाचे वर्णन त्यात उत्तम उतरले आहे. त्यांच्या मृत्यूचा परिच्छेद मात्र ‘मद्याच्या अमलाखाली विमान चालवल्याची वदंता आहे’ असे सांगून तीन ओळींत आटोपला आहे. मी काही वर्षे लढाऊ वैमानिकांचा प्रशिक्षक म्हणून दोन आसनी जेट विमानात मागे बसलो आहे, त्यामुळे या तीन ओळींकडे काणाडोळा करणे मला जमले नाही. त्या विमानात दोघे जण होते आणि दुसऱ्याचा उल्लेखही लेखात नाही.

त्यांचे नाव व्लादिमीर सेर्योगिन. दुसऱ्या महायुद्धात इल्यूशिन-२ या, जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या विमानातून ते लढले आणि १९४५ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. पुढे ते चाचणी वैमानिक झाले आणि १९६८ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, मॉस्कोजवळच्या च्कालोव्स्की हवाई तळावर अंतराळवीरांना विमानोड्डाणाचा सराव देणाऱ्या रेजिमेंटचे प्रमुख होते. २७ मार्च १९६८ रोजी सकाळी गागारिन पुढच्या आसनावर होते आणि सेर्योगिन मागच्या. विमान मिग-१५चे दोन आसनी प्रशिक्षण विमान होते, १९५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियात बांधलेले. त्या दिवशीचे काम अगदी नेहमीचे होते. मिग-१७ एकट्याने उडवण्याची परवानगी देण्यापूर्वी प्रशिक्षकासोबत करायचे ते तपासणी उड्डाण.

१० वाजून १८ मिनिटांच्या सुमारास विमान उडाले. सुमारे बारा मिनिटांनी गागारिन यांनी नेमून दिलेला सराव पूर्ण झाल्याचे कळवले आणि ३२० अंशांच्या दिशेने वळून तळाकडे परतण्याची परवानगी मागितली. आवाज शांत होता, घाई नव्हती. त्यानंतर नियंत्रण कक्षातून ‘६२५’ ही त्यांची सांकेतिक संज्ञा वारंवार पुकारली गेली, पण उत्तर आले नाही. व्लादिमीर प्रांतातील किर्झाच गावाजवळ, नोवोस्योलोवो या खेड्यानजीकच्या जंगलात विमान कोसळले होते. कॉकपिटमधील घड्याळ आणि गागारिन यांचे मनगटी घड्याळ, दोन्ही १० वाजून ३१ मिनिटांवर थांबलेली सापडली. परतीची परवानगी मागणे आणि जमिनीवर आदळणे यांत जेमतेम मिनिटभराचे अंतर होते.

मद्याविषयी इतकेच सांगतो की दोघांच्याही अवशेषांच्या तपासणीत मद्याचा अंश आढळला नाही. ज्यांना अफवाच प्रिय आहे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण वृत्तपत्राने ती ‘वदंता’ म्हणूनसुद्धा पुढे सरकवू नये, असे मला वाटते.

खरा विषय आहे तो त्या सकाळच्या परिस्थितीचा. आकाशात ढगांचे दोन थर होते आणि खालच्या थराचा तळ जमिनीपासून सुमारे ५००-६०० मीटरवर होता. हवामान पाहून येणारे विमान उड्डाणापूर्वीच परतून माहिती देईल, अशी शिस्त असायला हवी होती, पण ती माहिती वेळेवर पोहोचली नाही. विमानाच्या पंखांखाली प्रत्येकी २६० लिटरच्या दोन पूरक इंधनटाक्या लावलेल्या होत्या. अशा टाक्यांनी विमान जड होते, झटपट वळत नाही आणि तोल सुटल्यास सावरायला जास्त उंची खाते. जमिनीवरच्या नियंत्रकांना विमानाची उंची अचूक कळत नव्हती आणि त्याच आकाशात इतरही लढाऊ विमाने उडत होती. यांपैकी एकही गोष्ट एकटीने जीव घेणारी नव्हती.

नेमके काय घडले, याविषयी एकमत नाही. त्या वेळच्या आयोगाच्या तपासाचे २९ खंड झाले, पण त्याचा निष्कर्ष दीर्घकाळ गुप्त राहिला. २०११ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांनुसार, हवामानाचा फुगा किंवा ढगांच्या पहिल्या थराची वरची कड टाळण्यासाठी घेतलेल्या अचानक वळणामुळे विमान आवाक्याबाहेर गेले असावे. गागारिन यांचे अकादमीतील शिक्षक सर्गेई बेलोत्सेरकोव्हस्की आणि अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यांनी ऐंशीच्या दशकात पुन्हा हिशेब मांडला. त्यांच्या मते दुसऱ्या विमानामागे उठलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडून मिग गरगरत ढगांत शिरले. ते ढगांखाली आले तेव्हा दोघेही ते सावरत होते आणि सूर मारण्याच्या अवस्थेतून जवळजवळ बाहेर आले होते. कमी पडली ती अडीच-तीनशे मीटर उंची, वेळात मोजायची तर सुमारे दोन सेकंद. लिओनोव्ह त्या सकाळी किर्झाचलाच पॅराशूटच्या सरावासाठी होते आणि त्यांनी दोन आवाज ऐकले होते. फार खाली उतरलेले एक सुखोई लढाऊ विमान स्वनातीत, म्हणजे आवाजाहून अधिक, वेगाने मिगच्या अगदी जवळून गेले, असे त्यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले. मला हा पक्ष पटण्याजोगा वाटतो, मात्र तो सिद्ध झाला आहे असे मी म्हणणार नाही.

मागच्या आसनावर बसणाऱ्याला समोर दिसते ते बहुतेक शिकाऊ वैमानिकाच्या शिरस्त्राणाचे मागचे टोक आणि त्याच्या कडेने उरलेले आकाश. हात विमान वळवण्याच्या दांड्याला टेकवायचा नसतो, पण तो बोटभर अंतरावर तयार ठेवायचा असतो. कधी झडप घालायची आणि कधी समोरच्याला स्वतःची चूक स्वतःच सुधारू द्यायची, हा सारा निर्णय त्या बोटभर अंतरात होतो. ढगांत गरगरणाऱ्या विमानात क्षितिज नसते, उंचीचा काटा मागे पडतो आणि खाली नेमकी किती जागा उरली आहे हे ढगांबाहेर आल्याशिवाय कळत नाही. दोघांपैकी कोणीही आसनासह बाहेर झेप घेतली नव्हती. विमान सावरेल, हा विश्वास त्यांना अखेरपर्यंत होता, असाच अर्थ मी त्यातून काढतो.

अपघातानंतर सेर्योगिन यांच्या वाट्याला आधी संशय आला आणि नंतर विस्मृती. एवढा मोठा माणूस गेला म्हणजे कोणीतरी चुकलेच असणार आणि गागारिन तर चुकू शकत नाहीत, असा तो हिशेब होता. रेजिमेंटचे प्रमुख या नात्याने तेथील ढिसाळ व्यवस्थेची काही जबाबदारी त्यांच्यावर येते, हे मी नाकारत नाही. परंतु हवामानाची माहिती उशिरा येणे किंवा दुसऱ्या तळावरच्या विमानाने ठरलेली उंची सोडणे, याचे खापर मागच्या आसनावरच्या माणसावर फोडता येत नाही.

दोघांच्याही अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवलेल्या आहेत. पुरवणीत या लेखाविषयी दुरुस्ती छापणार असाल, तर मद्याचा उल्लेख मागे घ्यावा आणि गागारिन यांच्या नावाशेजारी इंजिनिअर-कर्नल व्लादिमीर सेर्योगिन हे नाव हुद्द्यासह छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक